रात्रीत टाकलेला कचरा कुणाचा? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला तो रोखता येईल का?

२०१४ चा नोव्हेंबर संपत आला होता. एका पहाटे उल्हासनगरमध्ये वालधुनी नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांना श्वास घेणं कठीण झालं. डोळे चुरचुरायला लागले, उलट्या सुरू झाल्या. मध्यवर्ती रुग्णालयात रांग लागली आणि शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. रात्रीच्या अंधारात नदीत घातक रसायन सोडलं गेलं होतं आणि त्याचा वायू झोपलेल्या वस्तीत पसरला होता.

बेकायदा कचरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचा उकिरडा येतो. नाक दाबायचं आणि पुढे जायचं. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. त्यात भाजीचे देठ आहेत, पाडलेल्या इमारतीच्या विटा आहेत आणि कारखान्यातलं आम्लही आहे.

मग हे थांबवायचं कुणी? एक महापालिका आणि दोन नगरपरिषदा यांच्या हातात नेमकं काय आहे? समजून घेऊया.

तीन शहरं आणि दोन नद्या

मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतकडे निघालं की ही तीन शहरं एकामागोमाग लागतात. बाहेरच्या माणसाला एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते कळतही नाही. पण कारभार वेगळा आहे. उल्हासनगरमध्ये महापालिका आहे, तिचा प्रमुख आयुक्त. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरमध्ये नगरपरिषदा आहेत, तिथे प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी. दोघांचे कायदेही वेगळे. महापालिकेला १९४९ चा अधिनियम लागू होतो, नगरपरिषदांना १९६५ चा.

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं शहर. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या वर. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये किती टॉवर उभे राहिले, हे लोकलच्या गर्दीवरून कुणीही सांगेल.

या पट्ट्यात दोन नद्या आहेत. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, इ. स. १०६० च्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. उल्हास नदी कर्जतकडून बदलापूरला येते. बदलापूरच्या बॅरेजवर, पुढे जांभूळ, मोहिली, शहाड इथे तिचं पाणी उचललं जातं आणि ते या भागातल्या लाखो लोकांच्या नळाला येतं.

म्हणजे नदीकाठी टाकलेली पिशवी, ओढ्यात ढकललेला राडारोडा किंवा नाल्यात सोडलेलं रसायन यांचा प्रवास तिथेच संपत नाही. उल्हासच्या बाबतीत तर आपलंच पिण्याचं पाणी पणाला लागलेलं असतं.

कचरा एक, पण प्रकार तीन

पालिकेच्या कागदावर सगळं 'अनधिकृत कचरा' असलं, तरी टाकणारा माणूस आणि त्यामागचं कारण प्रत्येक वेळी वेगळं असतं.

पहिला प्रकार घर आणि दुकानांचा. घंटागाडी सकाळी येते तेव्हा नवरा-बायको दोघेही लोकलमध्ये असतात. दुकानाचं शटर रात्री बंद होतं, तेव्हा गाडी नसते. मग पिशवी कोपऱ्यावर जाते.

दुसरा प्रकार राडारोड्याचा, ज्याला बोलताना सगळे डेब्रिज म्हणतात. बाथरूमच्या जुन्या लाद्या काढल्या, भिंत पाडली. ठेकेदार टेम्पो भरतो आणि रस्त्याकडेच्या ओसाड जागेत किंवा नदीकाठी रिकामा करतो.

तिसरा प्रकार औद्योगिक कचऱ्याचा. अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये एमआयडीसीच्या वसाहती आहेत, त्यात रासायनिक कारखाने आहेत. घातक कचरा तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात पाठवून त्याची विल्हेवाट लावायला पैसे लागतात. टँकरवाल्याने तो वाटेतच नाल्यात सोडला, तर ते पैसे वाचतात.

तिघांना एकच औषध दिलं तर एकही दुखणं बरं होत नाही. 'येथे कचरा टाकू नये' हा फलक पहिल्याला थोडासा थांबवेल. दुसरा त्या फलकाच्या आडोशालाच टेम्पो लावेल. तिसऱ्याला तर रात्री तो दिसणारही नाही.

नुसत्या दंडाने काम का भागत नाही?

२०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने रस्त्यावर घाण करणाऱ्यांसाठी जागेवरच दंड ठरवून दिला. 'ड' वर्गातल्या महापालिका आणि नगरपरिषदांसाठी ही रक्कम होती १५० रुपये.

आता साधा हिशेब करू. समजा, शंभर वेळा कचरा टाकणारा एकदाच पकडला जातो. मग एका वेळेच्या कचऱ्याचा सरासरी खर्च पडतो दीड रुपया. टेम्पोभर डेब्रिज लांबच्या अधिकृत जागी न्यायचं तर डिझेल, वेळ आणि मजुरी मिळून शेकडो रुपये जातात. ठेकेदार काय निवडेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग दंड वाढवला तर? इंग्लंडमध्ये हा प्रयोग झाला आहे. तिथे २०२३ मध्ये उघड्यावर कचरा ओतणाऱ्यांसाठीचा जागेवरचा कमाल दंड ४०० पौंडांवरून १,००० पौंड करण्यात आला. गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त करण्याचेही अधिकार आहेत. तरीही तिथल्या कौन्सिलांकडे वर्षाला अशा दहा लाखांहून जास्त घटनांची नोंद होते.

मात्र इंग्लंडमधली एक तरतूद लक्षात घेण्यासारखी आहे. तुम्ही घरातला कचरा परवाना नसलेल्या माणसाला दिला आणि त्याने तो कुठेतरी ओतला, तर दंड तुम्हालाही होऊ शकतो. म्हणजे 'मी तर पैसे देऊन टेम्पो लावला होता, पुढचं मला काय माहीत' ही पळवाट बंद.

कचरा पडला कुठे, यापेक्षा तो निघाला कुठून हे विचारलं की चित्र बदलतं. वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांना हा प्रश्न लावून पाहू.

घर आणि बाजार: आधी गाडी, मग दंड

२००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले आणि लोक ते कुठे टाकतात हे पाहिलं. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलीला अडकवला. त्याच भिंतीवर रंगाने खरडून ठेवल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेलं.

अर्थ सरळ आहे. घाण घाणीला बोलावते. एका जागी चार पिशव्या दिसल्या की पाचवी टाकणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

म्हणून बेकायदा ढिगाऱ्याच्या जागा एकेक करून कायमच्या बंद कराव्या लागतात. नुसता कचरा उचलला, तर संध्याकाळपर्यंत ढीग परत तयार होतो. जागा साफ केली, त्याच दिवशी तिथे दिवा लावला, कठडा किंवा झाडं लावली आणि पुढचे काही आठवडे तिथे माणूस उभा केला, तर लोकांची सवय तुटते.

पण त्याआधी पालिकेला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. तिथे टाकणाऱ्यांच्या दारात घंटागाडी येते का आणि कधी येते? उल्हासनगरमधल्या जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचर बाजार अशा भागांत कचरा दुकानं बंद होताना तयार होतो. तिथे रात्रीची फेरी हवी. नोकरदारांच्या सोसायट्यांमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गाडी हवी. गाडीवर जीपीएस असेल आणि ती कोणत्या गल्लीत आली नाही हे लोकांना मोबाइलवर दिसत असेल, तर ठेकेदारालाही दांडी मारता येत नाही. इंदूरने रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या, पण दारोदार गाड्या नियमित सुरू केल्या म्हणून ते जमलं.

मोठ्या सोसायट्या, हॉटेलं आणि हॉल यांचा हिशेब वेगळा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सोसायटीतच खत झालं, तर बाहेर जाणारा कचराच कमी होतो.

हे महाराष्ट्रात होऊ शकतं का? सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने करून दाखवलं. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचं बारकाईने वर्गीकरण सुरू झालं आणि डम्पिंग ग्राउंडची जागा पर्यटक बघायला येतील अशी झाली. वेंगुर्ल्याची लोकसंख्या सुमारे १२ हजार, त्यामुळे 'लहान गावाला जमतं' असं म्हणता येईल. पण कोकरे पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत उपायुक्त म्हणून आले. तिथे २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू झाली आणि २०२१ मध्ये वर्षानुवर्षं धुमसणारं आधारवाडी डम्पिंग ग्राउंड बंद झालं. उल्हासनगरपासून आधारवाडी काही किलोमीटरवर आहे.

राडारोडा: परवानगीच्या टेबलावरच पकडा

राडारोड्याबाबत पालिकेकडे एक मोठं हत्यार आहे. कोणतीही इमारत पाडायची किंवा बांधायची तर पालिकेची परवानगी लागते. म्हणजे डेब्रिज तयार होण्याआधीच ते कुठे तयार होणार, हे पालिकेला माहीत असतं.

इमारत पाडण्याची परवानगी देताना अनामत रक्कम घ्यायची. अधिकृत केंद्रात किती टन डेब्रिज पोहोचलं याच्या पावत्या आणल्या की ती परत करायची. पावत्या नसतील, तर रक्कमही नाही आणि पुढचा दाखलाही नाही. यात रात्री कुणाचा पाठलाग करावा लागत नाही. डेब्रिज योग्य जागी गेलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी बिल्डरवर येते.

उल्हासनगरसाठी हा मुद्दा जास्तच तातडीचा आहे. १९९० च्या दशकात बांधलेल्या इमारतींचे स्लॅब कोसळून २०२१ च्या मे महिन्यात दोन दुर्घटनांत लोकांचे जीव गेले. अशा इमारती पाडून नव्या बांधणं अटळ आहे. त्यातून निघणारं डेब्रिज कुठे जाणार, हे आज ठरलं नाही तर ते वालधुनीच्या काठावर जाईल.

अडचण लहान कामांची आहे. २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त डेब्रिज काढणाऱ्यांवर आराखडा देण्याचं बंधन घातलं. १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियमही मुख्यतः २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर जबाबदारी टाकतात. एका फ्लॅटच्या दुरुस्तीतून निघणाऱ्या दहा गोणी या चौकटीत बसत नाहीत.

त्यांच्यासाठी सोय लागते. मुंबई महापालिकेने फोन केल्यावर पैसे घेऊन डेब्रिज नेण्याची सेवा सुरू केली आहे. तीन शहरांत प्रभागनिहाय एखादी छोटी जागा ठेवली, जिथे गोणी आणून टाकता येतील, तरी बराच फरक पडेल. सोय दिल्यानंतर मात्र सूट नको. नवी मुंबईत डेब्रिजविरोधी भरारी पथकं डंपर पकडून कारवाई करतात, तशी कारवाई इथेही होऊ शकते. वाहन अडकलं की रोजचा धंदा बुडतो, आणि त्याचा धाक दीडशे रुपयांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

रसायन: इथे पालिका एकटी पुरणार नाही

घातक कचऱ्यासाठी कायदा कडक आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेसोबत सात प्रतींचं चलन असतं. कारखाना, वाहतूकदार, अधिकृत केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे त्याच्या प्रती जातात. निघालेला माल आणि पोहोचलेला माल जुळला पाहिजे.

म्हणजे टँकर नाल्यावर पकडायची वाट बघायची गरज नाही. एखादा कारखाना जितकं उत्पादन करतो, त्या मानाने त्याचा अधिकृत केंद्रात पोहोचणारा कचरा फारच कमी असेल, तर उरलेला कुठे गेला, हा प्रश्न कार्यालयात बसून विचारता येतो.

तो विचारण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे. पालिका यात काय करू शकते? नदी आणि नाल्यांकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर अवजड वाहन जाणार नाही असे अडथळे उभारू शकते. मोक्याच्या पुलांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावू शकते. गटारांची झाकणं पक्की करू शकते. आणि एमआयडीसी, पोलीस व मंडळ यांच्यासोबत रात्रीच्या तपासणीचा आग्रह धरू शकते. सार्वजनिक जलसाठा दूषित करणं हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांना बाजूला उभं राहता येत नाही.

हे न केल्याची किंमत या शहरांनी पाहिली आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरोधात 'वनशक्ती' संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली. २०१५ मध्ये लवादाने स्थानिक स्वराज्य संस्था, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पालिकेवरचा दंड शेवटी करदात्याच्या खिशातूनच येतो, हे इथे विसरून चालणार नाही.

माझ्या हद्दीतला की तुझ्या?

कचऱ्याच्या ढिगाऱ्यांना दोन शहरांच्या सीमारेषा फार आवडतात. तिथे दोन्हीकडचे कर्मचारी 'ती जागा आमची नाही' म्हणू शकतात.

अधिकृत डम्पिंगचंही तेच झालं. उल्हासनगरमध्ये म्हारळजवळची जागा भरली, मग कॅम्प ५ मधल्या डम्पिंगविरोधात तिथल्या रहिवाशांनी आंदोलनं केली. शहरात जागाच नाही म्हणून अंबरनाथ तालुक्यातल्या उसाटणेची जागा पुढे आली, तर तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला. अंबरनाथचं डम्पिंग मोरिवलीहून चिखलोलीला गेलं आणि शेजारच्या संकुलांतले लोक धुराने हैराण झाले. विरोध करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या गावाने फक्त धुमसणारे डोंगर पाहिले आहेत, ते 'शास्त्रोक्त प्रकल्प' या शब्दांवर का विश्वास ठेवेल?

यावर तिन्ही शहरांसाठी बदलापूरच्या वालिवली परिसरात सामायिक प्रकल्पाची कल्पना मांडली गेली. कल्पना योग्य दिशेची आहे, कारण नद्या सामायिक आहेत आणि टेम्पोही सामायिक आहेत. मात्र प्रकल्पासोबत गस्तही सामायिक हवी. अंबरनाथमध्ये पकडलेल्या वाहनाचा नंबर उल्हासनगर आणि बदलापूरच्या पथकांकडेही असला पाहिजे. नाहीतर तोच टेम्पो पुढच्या रात्री पुढच्या स्टेशनला जाईल.

'पैसे नाहीत' हे कारण चालतं का?

नाही. आणि हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे.

मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघडी गटारं आणि दुर्गंधी यांना कंटाळून रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपरिषदेने पैसे नसल्याचं सांगितलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ते कारण फेटाळलं आणि काम करण्याचे आदेश कायम ठेवले. त्या वेळी रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ वापरलं होतं. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

म्हणजे ढीग हटत नसेल, तर रहिवासी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात.

तुमच्या हातात काय आहे?

ढिगाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकून 'प्रशासन झोपलंय' लिहिणं सगळ्यांनाच जमतं. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी जास्त उपयोगी आहेत.

• तक्रार करताना नेमकी जागा, तारीख, वेळ आणि शक्य असेल तर वाहनाचा नंबर द्या. 'स्वच्छता' ॲपवर किंवा पालिकेत तक्रार केली की तिचा क्रमांक जपून ठेवा.

• नदीच्या पाण्याचा रंग बदलला किंवा उग्र वास आला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पोलिसांना लगेच कळवा. वायूचा त्रास होत असेल तर आधी तिथून दूर जा, व्हिडिओ नंतर. रात्री टँकर दिसला तर एकट्याने अडवायला जाऊ नका.

• घराचं काम काढताना ठेकेदाराला आधीच विचारा, डेब्रिज कुठे टाकणार? पावती मागा.

• नगरसेवकाला 'कचरा उचला' एवढंच सांगू नका. गाडीची वेळ, डेब्रिजची जागा आणि गेल्या वर्षी किती वाहनांवर कारवाई झाली, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

कचरा उचलण्यासाठी पालिका दररोज पैसे मोजते. पण कोपऱ्यावरचा ढीग उचलून सातव्या दिवशीही तो तिथेच दिसत असेल, तर तो कोण टाकतंय हे अजून कुणी शोधलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वालधुनीत २०१४ मध्ये आलेलं रसायनही कुठल्यातरी दारातून निघालं होतं. पालिकेचं काम त्या दारापासून सुरू होतं.